युरोपची क्रूझ घेताय? आधी धक्का ते गाव किती लांब ते बघा

क्रूझ बुक करताना सगळे जहाज बघत बसतात. पूल किती, थिएटर केवढं, वॉटरस्लाइड आहे का. मीपण तेच केलं होतं. आता कोणी विचारलं की मी सांगते, जहाजाचे फोटो बाजूला ठेवा आणि आयटिनररी काढा, तिच्यात प्रत्येक बंदरापुढे जहाज कधी लागतं, कधी सुटतं ते असतं, मग गूगल मॅपवर बघा की जहाज लागतं तो धक्का कुठे आणि तुम्हाला बघायचंय ते गाव कुठे. कारण ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरात रोम लिहिलेलं असतं आणि उतरता तुम्ही चिवितावेक्कियाला, रोम तिथून 70 किलोमीटर. फ्लॉरेन्स म्हणजे लिव्होर्नो नाहीतर ला स्पेझिया. पुणे सांगून पनवेलला उतरवल्यासारखंच की हे!

आम्ही केलेली फेरी सात रात्रींची: जेनोवा, नेपल्स, मेसिना, माल्टाचं व्हॅलेटा, एक दिवस नुसता समुद्र, मग बार्सिलोना, मार्सेय आणि परत जेनोवा. पहिल्यांदा जाताय तर मला हीच बरी वाटते, बहुतेक ठिकाणी उतरलं की गावच. या गोल फेऱ्यांत एसटीसारखं मधल्या स्टॉपलाही लोक चढतात-उतरतात, त्यामुळे भारतातून विमान जिथलं स्वस्त मिळेल तिथून चढायचं, जेनोवाच पाहिजे असं काही नाही. फक्त एक दिवस आधी पोचा. विमान लेट झालं म्हणून जहाज थांबत नाही. सीझन म्हणाल तर एप्रिल-मे नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर, ऑगस्टमध्ये ऊनही आणि गर्दीही.

व्हिसा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच. ज्या देशात जास्त दिवस, त्याच्याकडे अर्ज, आमच्या फेरीत इटलीची तीन बंदरं म्हणून इटलीचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि करा, कारण उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. 30,000 युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. खरी गोम एंट्रीत आहे. फेरीत मॉन्टेनेग्रोचं कोटोर किंवा तुर्कीचं कुशादासी असेल तर तुम्ही शेंगेनच्या बाहेर जाऊन परत आत येता, सिंगल एंट्री असेल तर बोंब, मल्टिपल मागायचा. डुब्रोव्हनिकची भीती मात्र जुनी झाली, क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये आहे, युरोही तेव्हापासूनच.

भाडं दिसतं ते माणशी असतं, आणि त्यावर सर्व्हिस चार्ज (माणशी, दर रात्रीचा), ड्रिंक्स, वायफाय वेगळं निघू शकतं, म्हणून तुलना करताना सगळं धरून आकडा काढा. केबिन आम्ही आतली घेतली, बिनखिडकीची, दिवसभर बाहेरच असतो तर बाल्कनीचे पैसे कशाला. पण ज्याला बोट लागते त्याच्यासाठी मधल्या भागातली आणि खालच्या डेकवरची मागा, तिथे हलणं कमी जाणवतं. व्हेज किंवा जैन जेवण बुकिंगच्या वेळीच लिहून द्या. खाखरा, चिवडा, चटण्या न्या खुशाल, पण बाहेरून येताना युरोपात दूध-मांसाच्या वस्तू आणायला बंदी आहे, त्यामुळे पेढे-बर्फी घरीच संपवा. इस्त्री, पाणी तापवायचा रॉड असलं काही बॅगेत टाकू नका, आगीच्या भीतीने काढून घेतात.

चढताना मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि केबिनमध्ये कधीकधी संध्याकाळी येतात, म्हणून औषधं, चष्मा, एक कपड्यांचा जोड हातातल्या बॅगेत. पहिल्या दिवशीचं लाइफजॅकेटचं ड्रिल चुकवू नका. 13 जानेवारी 2012 ला कोस्टा कॉन्कॉर्डिया इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटली, 32 माणसं गेली, आणि त्या संध्याकाळी चिवितावेक्कियाला चढलेल्यांचं ड्रिल तोवर झालंच नव्हतं. त्यानंतर नियम बदलला, आता ड्रिल जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या.

आणि फोन! जहाज किनारा सोडतं तसा फ्लाइट मोड. भर समुद्रात फोन जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि ते साध्या रोमिंग पॅकमध्ये बसत नाही. माझ्या लेकाने दोन रील बघितली आणि घरी आल्यावर बिल बघून नवऱ्याने दोन दिवस त्याच्याशी बोलणं सोडलं.

आता बंदरं. जेनोवाला धक्का प्रिंचिपे स्टेशनच्या अगदी जवळ, बॅग ओढत चालत जाता येतं. वर जुन्या गल्ल्या इतक्या अरुंद की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील असं वाटतं, त्यातून एकदम व्हिया गारिबाल्दीच्या महालांपुढे निघता. तिथे फरिनाता खा, म्हणजे आपलं बेसनाचं धिरडंच, फक्त मोठ्या परातीत भट्टीत भाजलेलं, वरून मिरी. सासऱ्यांनी तीन तुकडे खाल्ले आणि म्हणाले, 'अगं, याच्यात ओवा पाहिजे होता.' जाता जाता एक गंमत, जीन्स हा शब्द या जेनोवावरून आला म्हणतात आणि डंगरी आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून, दोन बंदरं आणि दोन पँटी.

नेपल्सला जहाज थेट किल्ल्यासमोर लागतं. शहर सोडून पॉम्पेईला जा असंच मी म्हणेन. समोरच्या म्युनिचिपियो स्टेशनवरून मेट्रोने गारिबाल्दी, तिथून सोरेंटोची लोकल, उतरायचं पॉम्पेई स्कावीला, 35-40 मिनिटं. तिकीट आधी ऑनलाइन काढा, दिवसाला 20,000 माणसांची मर्यादा आहे, तिकिटावर नाव असतं, सोबत ओळखपत्र ठेवा. आत गेल्यावर एका रस्त्यावर तरी खाली वाकून बघा, दगडात गाड्यांच्या चाकांच्या चाकोऱ्या पडल्यात बोटभर खोल, आणि मध्ये मध्ये उंच दगड ठेवलेत रस्ता ओलांडायला, पावसाळ्यात आपण अंगणात विटा टाकतो ना तस्से. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हापासून तिथेच. पाणी आणि टोपी न्या, सावली नाहीच. आणि परतीचा हिशोब: जहाज सुटण्याच्या दोन तास आधी धक्क्यावर. जहाजाच्याच टूरने गेलात आणि ती बस लेट झाली तर सहसा थांबतात, स्वतः गेलात तर नाही. या फेरीत घड्याळ बदलत नाही, ग्रीसकडे जाणारी असेल तर एक तासाचा फरक पडतो, तेव्हा जहाजाची वेळ कुठली ते विचारून घ्या.

मेसिनाला कुठे जायची गरज नाही. धक्क्यावरून चालत चर्चच्या चौकात, बारा वाजायच्या आत. घंटाघरावर 1933 चं यांत्रिक घड्याळ आहे, बाराला सिंह गर्जना करतो, कोंबडा आरवतो. शहर नवं वाटतं कारण 28 डिसेंबर 1908 च्या भूकंपात जुनं जवळजवळ सगळं पडलं.

व्हॅलेटाला मात्र अलार्म लावा. जहाज ग्रँड हार्बरमध्ये शिरतं तेव्हा वरच्या डेकवर पाहिजेच तुम्ही, दोन्ही बाजूंनी पिवळ्या दगडाचे तट इतके जवळ येतात! 1565 चा तुर्कांचा वेढा परतवल्यावर सेंट जॉन या ख्रिस्ती पंथाच्या सरदारांनी पुढच्याच वर्षी हे शहर वसवायला घेतलं. धक्क्यावरून तटावर जायला 58 मीटरची लिफ्ट आहे, गुडघेवाल्यांची सोय. वर बाराला तोफ उडते. को-कॅथेड्रल या मोठ्या चर्चमध्ये चित्रकार काराव्हाज्जोचं 1608 चं भलंमोठं चित्र आहे, त्यासाठी रांग लावा. नाश्त्याला पास्तीत्सी, म्हणजे खारीच्या पोटात वाटाणा, पण व्हेज असाल तर चरबी वापरलीय का ते विचारा.

बार्सिलोनाला बसने कोलंबसच्या पुतळ्यापर्यंत, पुढे चालत. सग्रादा फामिलियाचं तिकीट घरूनच काढा, पाकीट पुढच्या खिशात. बस, एवढंच.

मार्सेयला धक्का लांब, जुन्या बंदरापासून सात-आठ किलोमीटर, शटल बस किंवा टॅक्सी. इसवीसनापूर्वी 600 च्या सुमाराला ग्रीकांनी वसवलेलं गाव, टेकडीवरचं चर्च छान आहे, मासळीबाजार छान आहे. पण आमच्याकडे या दिवसाची वाट वेगळ्याच कारणाने बघितली जात होती. 8 जुलै 1910 ला मोरिया बोटीच्या खिडकीतून सावरकरांनी मारलेली उडी इथलीच, त्रिखंडात गाजलेली, प्रकरण हेगच्या कोर्टापर्यंत गेलं आणि फेब्रुवारी 1911 मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. सासरे पहाटेच डेकवर. मी चहा घेऊन गेले तर रेलिंगला धरून खाली बघतायत. म्हटलं, 'बाबा, थंडी आहे, शाल घ्या.' ते म्हणाले, 'केवढं उंच आहे गं.' मी म्हटलं, हे जहाज मोठं आहे, ती बोट एवढी नसेल. तर म्हणाले, 'पाणी तर तेवढंच गार असेल ना,' आणि चहा तसाच राहिला हातात.