पक्षाघातानंतर आठवणीतली डावी बाजू हरवली आहे का, हे घरी कसं ओळखावं?

मेंदूच्या उजव्या भागात झटका आला की काही रुग्णांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, दाढी अर्ध्याच चेहऱ्याची होते. डॉक्टर याला ‘निग्लेक्ट’ म्हणतात. एवढं घरच्यांच्या ध्यानात येतं. पण डोळे मिटून एखादी जागा आठवतानाही डावी बाजू गळू शकते, ते मात्र सहसा कोणी तपासत नाही. मग ‘बाबांना आता काही आठवत नाही’ असा शिक्का बसतो.

1978 मध्ये एदोआर्दो बिझियाक आणि क्लाउदियो लुत्साती या संशोधकांनी इटलीतल्या मिलानमधल्या अशाच दोन रुग्णांना तिथला कॅथेड्रलसमोरचा चौक मनात आणायला सांगितलं. कॅथेड्रलकडे तोंड आहे असं समजून त्यांनी उजवीकडच्या इमारती सांगितल्या, डावीकडच्या बहुतेक गाळल्या. मग कॅथेड्रलकडे पाठ करून उभे आहात असं समजायला सांगितल्यावर मघाशी गाळलेल्या इमारती आल्या, आणि आधी सांगितलेल्या गेल्या. म्हणजे आठवण जागेवर होती. घरी करायचं तेही हेच.

आधी जागा ठरवा. आजारापूर्वी वर्षानुवर्षं रोजचा वावर असलेली खोली घ्या; आईसाठी स्वयंपाकघर उत्तम. तिचा साधा नकाशा तुम्ही कागदावर काढून ठेवा. प्रश्न मात्र दुसऱ्या खोलीत बसून विचारा, नाहीतर ती बघून सांगेल. दुखणं नवं असेल, माणूस थकलेला किंवा गुंगीत असेल तर थांबा. आणि अचानक नवा अशक्तपणा आला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर असले खेळ नकोत, थेट रुग्णालय गाठा.

आता विचारा: “आई, डोळे मीट. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी आहेस, तोंड आत. काय काय दिसतंय?” ती सांगेल त्याच क्रमाने लिहून घ्या. “आणि गॅस कुठाय?” असं सुचवायचं नाही. थांबली की एकदाच “अजून काही?” म्हणा. समजा, तिने उजवीकडचे फ्रिज, देव्हारा, पाण्याचं पिंप सांगितलं. डावीकडचे ओटा, गॅस, भांड्यांची मांडणी नाही. चहा होईपर्यंत जाऊ द्या. मग म्हणा, “आता तू दारासमोरच्या खिडकीपाशी आहेस, पाठ खिडकीला, तोंड दाराकडे.” या वेळी ओटा आणि गॅस आले, पण फ्रिज आणि देव्हारा गायब झाले, तर मिलानच्या त्या चौकासारखंच घडतंय.

दोन्ही वेळा तीच वस्तू राहिली असेल तर मामला साध्या विसरण्याचा असू शकतो. धडधाकट माणूसही दोन-चार वस्तू सोडतोच, म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणालाही तेच प्रश्न विचारून पाहा. जेवताना ताट पूर्ण संपतं म्हणून ही चाचणी टाळू नका. समोरचं सगळं नीट दिसतं, पण मनातल्या चित्राची डावी बाजूच जाते, असेही रुग्ण 1990च्या दशकात नोंदले गेले आहेत.

चुकलेलं त्यांना दाखवून वाद घालू नका. कित्येकांना आपलं काही राहिलंय याची जाणीवच नसते. तो हट्ट नव्हे. रोज परीक्षाही नको.

रोजच्या वापरात एक युक्ती सोपी आहे: काहीही आठवायला सांगताना बाजू फिरवून दोनदा विचारा. दवाखान्याचा रस्ता असेल तर जाताना कसा आणि परतताना कसा, दोन्ही बोलून घ्या. यादी करताना “डाव्या भिंतीपासून सुरू कर” असं सांगा. याने आजार बरा होत नाही, काम निभतं.

उपचारांचा निर्णय न्यूरोलॉजिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टचा (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारे तज्ज्ञ). डावीकडे नजर फिरवण्याचा सराव किंवा दिसणारं बाजूला सरकवणारा प्रिझमचा चष्मा लावून हाताने नेम धरण्याचा व्यायाम असे पर्याय ते सुचवू शकतात. फायदा प्रत्येकाला सारखा होत नाही. तुमचे दोन्ही कागद तारीख घालून सोबत न्या. आणि त्यांनी तपासून हो म्हणेपर्यंत स्कूटरची किल्ली हाती देऊ नका, रस्ताही एकट्याने ओलांडू देऊ नका.