कार्टून पात्र खऱ्या सिनेमात आणताना या चुका टाळा

अ‍ॅनिमेशनमधल्या नवीन मुलांचे पोर्टफोलिओ बघायला घेतले की निम्म्यांत एकच प्रकार सापडतो. एखादं लाडकं कार्टून घ्यायचं, त्वचेवर रंध्रं काढायची, डोळ्यांत लाल शिरा भरायच्या, तोंडात माणसाची बत्तिशी बसवायची आणि खाली लिहायचं ‘रिअलिस्टिक व्हर्जन’. मेहनत दिसते, पण पात्र मात्र हरवलेलं असतं. खऱ्या माणसांच्या सिनेमात कार्टून आणायचं तर प्रेक्षकाला एवढंच पटायला हवं, की हे पात्र त्या खोलीत, त्या उजेडात, त्या माणसाच्या शेजारी उभं आहे. त्यासाठी रंध्रं लागत नाहीत.

माणसाचे दात, माणसाचे डोळे

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण इतकं मोठं उदाहरण समोर असूनही लोक तीच करतात. सॉनिक हा निळा हेजहॉग 1991 पासून व्हिडिओ गेममध्ये धावतोय. मोठं डोकं, काडीसारखे हातपाय, पांढरे हातमोजे आणि एकाच पांढऱ्या भागात बसलेली दोन बुबुळं, ही त्याची ओळख. 30 एप्रिल 2019 ला त्याच्या सिनेमाचा पहिला ट्रेलर आला. त्यात दोन वेगवेगळे छोटे डोळे, माणसासारखी दातांची रांग, धावपटूचे लांब पाय, आणि हातमोज्यांच्या जागी पांढरी लव होती. एकेक निर्णय कागदावर बरोबरच वाटतो: प्राण्याचे डोळे वेगळे असतात, प्राणी हातमोजे घालत नाही. सगळे एकत्र आले तेव्हा मात्र निळा पोशाख घातलेलं भलतंच कुणीतरी दिसायला लागलं.

लोक इतके चिडले की दिग्दर्शक जेफ फाउलर यांनी 2 मे रोजीच बदल करणार असं जाहीर केलं. 8 नोव्हेंबर 2019 ला येणारा सिनेमा 14 फेब्रुवारी 2020 ला आला. नव्या रूपाचं काम टायसन हेस यांच्याकडे गेलं. ते आधीपासून सॉनिकची कॉमिक्स काढत होते, म्हणजे पात्र त्यांच्या हातात बसलेलं होतं. डोळे मोठे झाले, हातमोजे परत आले, दातांची ती रांग गेली, पायांची लांबी कमी झाली. आता हे नीट बघा: केस केसच राहिले. तपशीलवार केसांबद्दल, त्यावर पडणाऱ्या खऱ्या उजेडाबद्दल लोकांची तक्रार नव्हतीच. बिघडलं होतं ते प्रमाण आणि चेहरा.

जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी 1970 मध्येच मांडलं होतं, की एखादी आकृती माणसाच्या फार जवळ गेली आणि थोडीशीच चुकली, तर ती आवडण्याऐवजी अंगावर येते. या घसरणीला ‘अनकॅनी व्हॅली’, म्हणजे अस्वस्थ करणारी दरी म्हणतात. आपण चेहरा वाचतो तो आधी डोळ्यांतून आणि तोंडातून. म्हणून नेमके तिथेच माणसाचे अवयव बसवले, की भलं कार्टून हाताने त्या दरीत ढकलल्यासारखं होतं.

माझी सवय सांगते. मॉडेलिंग, म्हणजे संगणकावर पात्र त्रिमितीत घडवणं, सुरू करण्याआधी मूळ पात्र नुसतं काळं भरायचं, शेजारी नवीन पात्रही काळं भरायचं, आणि दोन्ही टपाल तिकिटाएवढी लहान करायची. ओळखू आलं नाही तर पुढचं पाऊल नाही. मग पात्राच्या ज्या तीन गोष्टींना हात लावायचा नाही, त्या लिहून भिंतीवर चिकटवायच्या. बाकी सगळं बदला. 1980 च्या ‘पॉपाय’मध्ये रॉबिन विल्यम्स यांना कार्टूनचा अख्खा चेहरा चढवला नाही, पण फुगलेले दंडाखालचे हात मात्र कृत्रिम बनवून दिले. आपल्याकडे ‘सकाळ’मधल्या चित्रमालिकेतला चिंटू 2012 मध्ये पडद्यावर आला तो साध्या, खऱ्या मुलाच्या रूपात. पात्र मुळात माणूसच असेल तर हाच रस्ता बरा.

“पोस्टमध्ये बघू”

म्हणजे शूटिंगनंतरच्या कामात (पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये) निस्तरू. हे दोन शब्द सेटवर ऐकले की माझं डोकं तापतं. खाऊच्या एका जाहिरातीत एक कार्टून खार होती. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसलेल्या खारीशी एक लहान मुलगी बोलते आणि तिला बिस्कीट देते, एवढाच प्रसंग. काम आमच्याकडे आलं ते शूटिंग उरकल्यावर. पहिल्या शॉटमध्ये मुलगी कॅमेरा असिस्टंटच्या अंगठ्याकडे बघत होती, दुसऱ्यात स्टँडवरच्या टेनिस बॉलकडे, आणि क्लोजअपमध्ये मागच्या भिंतीवरच्या टेपच्या फुलीकडे. पोरीचा काहीच दोष नाही, जे दाखवलं ते तिने मनापासून बघितलं. पण त्यामुळे एका शॉटमध्ये तिची नजर खारीच्या डोक्यावरून जात होती आणि क्लोजअपमध्ये खारीच्या आरपार. शेवटी अ‍ॅनिमेटरने एका शॉटमध्ये खारीला डब्यावर उभं केलं, दुसऱ्यात मागच्या पायांवर. बिस्कीट हवेत धरलेलं, पलीकडून कुणी ओढलेलंच नाही, त्यामुळे खारीने ते घेतलं तरी मुलीच्या बोटांना काही कळत नव्हतं.

क्लायंट म्हणाले, “केस खोटे वाटतात.” मग केस पुन्हा पुन्हा बदलले गेले. केस उत्तम होते! खोटी होती ती नजर आणि ते बिस्कीट. पात्र पटत नसेल तेव्हा टेक्स्चरकडे, म्हणजे केस-त्वचेच्या पोताकडे, सगळ्यात शेवटी बघा.

1988 चा ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ काढून बघा. त्यातला ससा हाताने काढलेला, अंगावर केसांचा तपशील नाही. तरी तो खोलीत आहे यावर आपला विश्वास बसतो. तालमीला रबरी ससे ठेवले होते, आवाज देणारे चार्ल्स फ्लायशर कॅमेऱ्याबाहेर सशाच्या पोशाखात उभे राहून संवाद म्हणत होते, म्हणून अभिनेते बॉब हॉस्किन्स यांची नजर बरोबर त्या उंचीवर थांबते. एका प्रसंगात वरचा दिवा धक्का लागून झुलायला लागतो, आणि अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक रिचर्ड विल्यम्स यांच्या चमूने सशावरची सावली प्रत्येक फ्रेमला नव्याने काढली. दिवा स्थिर ठेवला असता तर किती काम वाचलं असतं! पण तो ससा खरा वाटतो तो अशाच कष्टांमुळे.

मी सेटवर जाताना पात्राच्या नेमक्या उंचीची कापडी बाहुली नेते, आत तांदूळ भरून वजन दिलेली. एक टेक बाहुलीसकट, दुसरा तिच्याशिवाय. वस्तू हलणार असेल तर तिला दोरा बांधायचा आणि सेटिंग दादांना सांगून ओढायचा. मग त्याच जागी एक राखाडी आणि एक चकचकीत गोळा धरून उजेडाची नोंद. दोन मिनिटांचं काम आहे. एवढीही घाई असेल तर कार्टून घेऊ नका, खरी मांजर घ्या.

बाकीच्या, थोडक्यात

समोरून काढलेलं चित्र जसंच्या तसं त्रिमितीत नेणं. मिकीचे कान कुठूनही पाहिलं तरी गोलच दिसतात, खऱ्या डोक्यावर हे शक्य नाही. मी आधी शाडूचा गोळा घेऊन डोकं बनवते आणि फिरवून बघते, चित्रातली लबाडी तिथेच पकडली जाते.

केसांची जाडी पात्राच्या उंचीशी न जुळवणं. मांजराएवढ्या पात्राला जाड केस दिले की ते खेळणं होतं.

कॉमिकचा भडक रंग साध्या गल्लीत आणून सोडणं. 1990 च्या ‘डिक ट्रेसी’त कपड्यांपासून भिंतींपर्यंत सगळं जगच मोजक्या रंगांत रंगवलं होतं. ते जमणार नसेल तर पात्राचा रंग उतरवा.

आवाज शेवटी ठरवणं. ‘पॅडिंग्टन’मध्ये अस्वलाला कॉलिन फर्थ यांचा आवाज शोभेना, म्हणून ते बाजूला झाले आणि बेन व्हिशॉ आले. आवाज आणि तोंडाचा आकार एकत्रच ठरतात.

आणि एआयकडून ‘खरं’ रूप मागून घेणं. समोरून देखणं चित्र मिळतं, पण जबडा कुठे उघडतो, मान कशी वळते, बसल्यावर पोटाचं काय होतं, यातलं काहीच त्यात नसतं. ज्याला हे प्रश्न पडत नाहीत त्याने अजून पात्र बनवायला सुरुवातच केलेली नाही. असं चित्र घेऊन कुणी आलं, की मी त्याला त्याच पात्राची पाठ काढून आणायला सांगते.