गेमचा सिक्वेल घेण्याआधी एवढं कराच

पहिला भाग जीव लावून खेळलेला असतो, त्यामुळे दुसरा येतोय म्हटलं की ट्रेलर बघूनच प्रीऑर्डर मारली जाते, ते आधी थांबवा. रिलीजनंतर आठवडाभर दम धरा आणि आपल्यासारखाच पीसी असणाऱ्यांचे व्हिडिओ बघा. 'सिटीज स्कायलाइन्स २' हा शहर बांधायचा गेम ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, परफॉर्मन्स अजून हवा तसा नाही हे कंपनीनेच आधी सांगितलेलं, तरी लोकांनी घेतला आणि मग चिडले, त्यात पहिल्या भागाला २०१५ पासून एवढे डीएलसी (कंपनीने नंतर काढलेले जोड-भाग) आणि मॉड (खेळणाऱ्यांनीच केलेले बदल) आलेले की नवा रिकामा वाटणारच ना. म्हणून तुलना पहिल्या भागाच्या पहिल्या दिवसाशी करा, आजच्याशी नको.

स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर रिफंड मिळतो. तो वेळ कॅरेक्टर सजवण्यात घालवू नका, गर्दीचा सीन आणि सेटिंग तपासा.

आवडला नाही तर रिव्ह्यू जरूर लिहा, पण नुसतं 'बकवास' लिहून टीमला काय कळणार, ग्राफिक्स कार्ड कुठलं आणि कुठल्या मिशनला अडकतो ते सांगा. आपल्या पुण्यात युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा स्टुडिओ आहे, म्हणजे हे काम करणारी पोरं आपल्याच शहरात राहतात, आणि रिलीजची तारीख सहसा कोड लिहिणारा ठरवत नाही, त्यामुळे त्यांना पर्सनल शिव्या अजिबात नकोत. मुद्द्याचं बोललं तर ऐकतात पण, 'मास इफेक्ट ३' या गेमच्या शेवटावर २०१२ मध्ये लोक भडकले तेव्हा तो बनवणाऱ्या बायोवेअरने काही महिन्यांतच वाढवलेला शेवट फुकट दिला होता.