छोट्या मशीन शॉपमध्ये गुणवत्तेचं स्वमूल्यमापन कसं करावं

संभाजीनगरची वाळूज एमआयडीसी असो की चिकलठाणा, जॉबवर्क करणाऱ्यांना, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे सुटे भाग बनवून देणाऱ्यांना, एकच सल्ला मिळतो: आयएसओ ९००१ हे गुणवत्ता व्यवस्थापनाचं सर्टिफिकेट करून घ्या, फाइल आम्ही देतो. तयार फाइल घेऊ नका. त्या फाइलने रिजेक्शनचा, म्हणजे नापास होणाऱ्या मालाचा, एक नगही कमी होत नाही.

१. गेल्या तीन महिन्यांत परत आलेला माल कारणवार लिहून काढा.

२. सगळ्यात जास्त नग खाणारी दोन कारणं निवडा. बाकीची सध्या राहू द्या.

३. आता स्वमूल्यमापन, म्हणजे प्रश्नांचा फॉर्म घेऊन आपल्याच कामाला गुण देणं. मला सगळ्यात जड गेलेला टप्पा हाच. मालकाने केबिनमध्ये बसून गुण दिले की सगळीकडे 'होय' येतं. म्हणून फॉर्म घेऊन मशीनपाशीच उभं राहायचं. पुरावा तिथल्या तिथे दिसला तर गुण, नाहीतर शून्य. मशीनवर लावलेलं ड्रॉइंग शेवटच्या रिव्हिजनचं (सुधारित आवृत्तीचं) आहे का? गेजच्या, म्हणजे मोजायच्या साधनाच्या, कॅलिब्रेशनची (अचूकता तपासणीची) तारीख उलटली आहे का?

तासातासाला भरायचा मापांचा रिपोर्ट नीट वाचा. बाहेरचा व्यास लेथवर टर्न करताना इन्सर्ट (कापणारं टोक) झिजतो तसं माप वाढत जातं. पूर्ण शिफ्टमध्ये एकच आकडा दिसला तर तो कागद एका बैठकीत भरला आहे असं समजा. ०.०२ मिमी लीस्ट काउंटच्या (त्याहून लहान फरक न दाखवणाऱ्या) व्हर्निअरने मोजून २५.०१ लिहिलं असेल तर बोलायलाच नको, त्यावर ते माप वाचताच येत नाही.

आपल्याच विभागाला कुणी गुण द्यायचे नाहीत. डिस्पॅचवाल्याने मशीन शॉप तपासावं, मशीनवाल्याने स्टोअर. आणि शून्य आलं म्हणून कुणाचा पगार कापू नका. एकदा कापलात की पुढच्या महिन्यापासून खरा आकडा तुमच्यापर्यंत येणारच नाही.

४. प्रत्येक शून्यामागचं कारण शोधा. 'ऑपरेटरला समज दिली' हे उत्तर मी कधीच मान्य करत नाही. इन्सर्ट किती नगांनंतर बदलायचा हे ठरलेलं होतं का? मोजायच्या टेबलावर पुरेसा उजेड होता का? हातात बदलता येईल अशी गोष्ट सापडेपर्यंत 'का' विचारत राहा.

५. बदल करा, नाव आणि तारीख लिहा, महिन्याने तोच फॉर्म पुन्हा भरा.

६. सर्टिफिकेट त्यानंतर. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) असेल तर केंद्राच्या झेड या लघुउद्योगांसाठीच्या गुणवत्ता प्रमाणपत्र योजनेतल्या ब्राँझपासून सुरुवात करा. वरच्या पायऱ्या सिल्व्हर आणि गोल्ड. अर्जात विचारलेले बरेचसे पुरावे तोवर तुमच्याकडे जमलेले असतील.