जोधपूरला गाणं ऐकायला जाताय? मग तयारी अशी करा

मुंबईतून जोधपूरला वीकेंडला जाणारे बहुतेक लोक किल्ला, निळी घरं, लस्सी आणि उंटावरचा फोटो एवढंच डोक्यात धरून जातात, आणि 'संध्याकाळी लोकसंगीत' ही पॅकेजच्या तळाची ओळ असते, जेवणाच्या आधी टाइमपास म्हणून. ज्यांना ते तसंच पाहिजे त्यांनी खुशाल जावं, मजा येतेच. पण गाणं ऐकायला म्हणून जायचं असेल तर तयारी उलटीकडून करावी लागते, आधी संध्याकाळ आणि रात्र ठरवायची आणि मग उरलेल्या वेळात किल्ला वगैरे बसवायचं, आणि बॅगही त्याच हिशोबाने भरायची. ग्रुपवर सारखं विचारतायत लोक, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

तारीख आधी. ऑक्टोबर ते मार्च, बस, बाकी महिने विसरा. जोधपूरच्याच बाजूच्या फलोदीला १९ मे २०१६ ला ५१ डिग्री तापमान होतं, त्यामुळे मे महिन्यात तिकीट स्वस्त दिसलं तर ते का स्वस्त आहे हे कळलं असेलच. त्यातही जमलं तर कोजागिरी धरा. आपण गच्चीवर मसाला दूध पीत बसतो ना, त्याच पौर्णिमेच्या आसपास मेहरानगड किल्ल्यात जोधपूर रिफ नावाचा मोठा लोकसंगीताचा महोत्सव असतो, २००७ पासून चालू आहे, गावातले कलाकार आणि बाहेरच्या देशांतले कलाकार एकाच मंचावर येतात, रात्री किल्ल्याच्या चौकात कार्यक्रम आणि पहाटे अंधारात किल्ल्याजवळच्या जसवंत थड्यावर, म्हणजे राजाच्या संगमरवरी स्मारकापाशी, गाणं. तारीख दर वर्षी तिथीप्रमाणे सरकते म्हणून कालनिर्णय उघडून बघा आणि त्याप्रमाणे रजा टाका, कारण पाच दिवसांचा सगळा महोत्सव काही शनिवार-रविवारात मावत नाही. पहाटेच्या कार्यक्रमाला जायचं असेल तर आदल्या दिवशी रिक्षावाल्याशी बोलून ठेवा, त्या वेळेला अ‍ॅपवर गाडी मिळेल या भरवशावर राहू नका. महोत्सव नाही जमला तरी हरकत नाही, उलट नोव्हेंबर-फेब्रुवारीतला साधा वीकेंड मला जास्त आवडतो, गर्दी कमी आणि गाणाऱ्यांशी बोलायला मिळतं. फक्त नाताळ ते एकतीस डिसेंबर टाळा, भाडी डोक्यावरून जातात आणि वाळूत सगळीकडे डीजे.

तिकिटं. विमानाने दीडेक तास लागतो आणि विमानतळ शहराला लागूनच आहे, पण ते हवाई दलाचं ठिकाण आहे त्यामुळे उतरल्या उतरल्या फोटो काढत सुटू नका. ट्रेनने जायचं तर वांद्रे टर्मिनसहून सूर्यनगरी आहे, रात्रभराचा प्रवास, म्हणून शुक्रवारची अख्खी सुट्टी नाहीतर निदान हाफ डे पाहिजेच. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, थंडीतल्या शनिवार-रविवारचं पटापट संपतं, तेव्हा मोबाइलमध्ये रिमाइंडर लावा. आणि वांद्रे टर्मिनसला सामान घेऊन जायचं म्हणजे वांद्रे स्टेशनला उतरून रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यापेक्षा खारला उतरा, तिथून पादचारी पुलाने थेट टर्मिनसला जाता येतं. पलीकडे बोरिवली-दहिसरची मंडळी बोरिवलीलाच चढतील, त्यांना हे वाचायची गरज नाही.

आता थोडा गृहपाठ, आणि हा खरंच करा, कारण बॅगेपेक्षा याचाच जास्त उपयोग होतो. समोर बसलेले 'राजस्थानी कलाकार' म्हणजे नेमके कोण हे माहीत असलं की ऐकणंच बदलतं. थरच्या वाळवंटात पिढ्यानपिढ्या गाणाऱ्या दोन मोठ्या जमाती, मांगणियार आणि लंगा. दोन्ही मुसलमान. मांगणियारांचे यजमान बहुतेक हिंदू, त्यात राजपूत जास्त, आणि लंगांचे यजमान सिंधी सिपाही मुसलमान. यजमानाच्या घरी जन्म, लग्न, काहीही असलं की यांनी जाऊन गायचं, त्या घराची वंशावळ यांना तोंडपाठ, आपल्याकडे गोंधळी जसे कुळाचे असतात साधारण तसंच. त्यामुळे एकच माणूस कृष्णाचं गाणं म्हणतो, मग बाळाच्या जन्माचं, आणि रात्र चढली की बुल्ले शाह किंवा शाह लतीफ या सूफी कवींचा कलाम, आणि त्यात त्याला काही विशेष केलं असं वाटत नाही, आपल्यालाच वाटतं.

वाद्यं ओळखायला शिका. पोट गोल, त्यावर बकरीचं कातडं ताणलेलं, गजाने वाजवतात आणि आवाज खोल, जरा घोगरा, ते कमायचा, मांगणियारांचं. लंगांकडे सिंधी सारंगी, तिचा आवाज जास्त धारदार. खडताल म्हणजे शिसवी लाकडाच्या पट्ट्या, एकेका हातात दोन दोन, मधे काहीही बांधलेलं नसतं, आणि तरी त्या बोटांतून सुटत नाहीत. पुढच्या रांगेत बसून मनगट नको, अंगठा बघा, सगळी करामत तिथे आहे. मोरचंग दातांत धरून वाजवतात, अलगोजा म्हणजे दोन बासऱ्या एकदम तोंडात, आणि त्यात श्वास कुठे घेतो हे शोधत बसा, सापडत नाही. कमायचा वाजवणारे फार थोडे उरलेत, हमीरा गावचे साकर खान यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली आणि पुढच्याच वर्षी ते गेले. म्हणून कार्यक्रमात कमायचा दिसला तर मोबाइल खाली ठेवा आणि ऐका.

वाळूतला कॅम्प किंवा हॉटेल बुक करण्याआधी फोन करा, मेसेज नाही, फोन. विचारायचं काय तर गायला कोण येतं, कुठल्या गावचे, किती जण, वाद्यं कोणती, आणि शेवटी सहज विचारल्यासारखं, डीजे आहे का. "सर सब कुछ है, फुल एंजॉय" असं उत्तर आलं तर समजून जा. जो माणूस गायकाचं नाव सांगतो, "कमायचा पाहिजे असेल तर दोन दिवस आधी सांगा" म्हणतो, तिथे पैसे भरा. कालबेलिया नाचही बहुतेक ठिकाणी असतो, २०१० पासून युनेस्कोच्या यादीत आहे, सुंदर असतो, पण नाच आणि गाणं दोन्ही एका तासात कोंबलेलं असलं तर दोन्हीचा चिवडा होतो. आणि हो, रात्री दहानंतर स्पीकर बंद करावे लागतात. लोक तेव्हा उठून खोलीत जातात. तुम्ही उठू नका. माइक बंद झाल्यावर गाणारे जरा पुढे सरकून बसतात, हार्मोनियमवाला आवाज कमी करतो, आणि तिथून पुढचा अर्धा-पाऊण तास बरेचदा आधीच्या सगळ्या कार्यक्रमापेक्षा भारी असतो.

या एका गोष्टीमुळे कपड्यांचं सगळं गणित ठरतं, कारण दहानंतर उघड्यावर जमिनीवर बसायचंय. मुंबईकराला थंडी म्हणजे पंखा दोनवर. तिथे डिसेंबर-जानेवारीत दुपारी टीशर्टवर फिराल आणि रात्री पारा दहाच्या खाली, हवा कोरडी आणि ढग नसतात म्हणून दिवसभराची उष्णता झपाट्याने निघून जाते, वाळू तर पायाला गार लागते. माळ्यावरचं स्वेटर चार दिवस आधी काढा, डांबराच्या गोळ्यांचा वास जायला तेवढे दिवस बाल्कनीत ऊन दाखवावं लागतं. कानटोपी, जाड मोजे, आत घालायला थर्मल. शाल घेताना लोकरीची लांब धाग्यांची नको, कारण पावसाळ्यानंतर तिथे भुरट नावाचं गवत वाळतं आणि त्याची बारीक काटेरी बोंडं शालीला, मोज्यांना, पँटच्या शिलाईला अशी चिकटतात की हाताने ओढून काढली की बोटात घुसतात. घट्ट विणीची चादर किंवा जॅकेट बरं, आणि मेकअपच्या पाऊचमधला छोटा चिमटा बरोबर ठेवा, काटे काढायला. बसायला जुनी सतरंजी किंवा योगा मॅट, कॅम्पवाले गाद्या देतात पण त्या दवाने ओलसर होतात. व्हॅसलिन, ओठांचं मलम, नाकाला लावायला थोडं तूप. आपल्याकडच्या दमट हवेची सवय असलेल्यांचं नाक एका दिवसात कोरडं पडतं. मोबाइल-कॅमेऱ्याला झिपच्या पिशव्या, पॉवर बँक, छोटी टॉर्च, आणि पुढे बंद असलेले बूट. साडी नेसायची हौस असेल तर किल्ल्यात नेसा, वाळूत नाही.

सुट्टे पैसे. हे बॅगेच्या वरच्या कप्प्यात. शहरात सगळीकडे यूपीआय चालतं पण वाळूच्या टेकाडांवर नेटवर्क गेलं की गेलं, आणि कॅम्पवाल्याला दिलेल्या पॅकेजमधलं गाणाऱ्यापर्यंत किती पोचतं हे आपल्याला कळत नाही. म्हणून शंभर-दोनशेच्या नोटा एका पाकिटात वेगळ्या ठेवा, कार्यक्रम संपला की जो मुख्य गाणारा आहे त्याच्या हातात सगळ्यांसाठी म्हणून द्या. गाणं चालू असताना नोटा उडवायच्या, पगडीत खोचायच्या, हे प्रकार प्लीज नको, लग्नाच्या वरातीत करा काय ते. फर्माईश करताना ते एकच गाणं, जे सगळ्या टुरिस्टांना येतं, ते पहिल्या पाच मिनिटांत मागू नका, ते म्हणतीलच. "यजमानाच्या घरी लग्नात काय गाता ते ऐकवा" असं हिंदीत साधं म्हणा. चेहरे बघा मग कसे खुलतात. रेकॉर्डिंग विचारून, एखाद्या गाण्याचं पुरे. आणि टाळ्या वाजवून ठेका धरायचा मोह आवरा, आपला ठेका तिसऱ्या आवर्तनात चुकतो आणि खडतालवाला बिचारा हसून सांभाळून घेतो.

दिवसाचं काय. शनिवारी सकाळी मेहरानगड, नऊला उघडतो, लवकर जा. राव जोधाने १४५९ मध्ये शहर वसवलं तेव्हाचा हा किल्ला, चढ आहे, गुडघ्यांचा प्रॉब्लेम असलेल्या काका-काकूंसाठी लिफ्ट आहे. दरवाज्यांच्या आसपास गाणारे-वाजवणारे बसलेले असतात, त्यांच्यापाशी थांबायचा वेळ वेळापत्रकात आधीच धरा, आणि कार्यक्रम कुठे आहे हेही त्यांनाच विचारा, त्यांना गूगलपेक्षा जास्त माहीत असतं. दुपारी झोपा. मनापासून सांगते, झोपा, रात्री जागायचंय. गाडी असेल तर गावाबाहेर मोकलावासला अर्णा झर्णा म्हणून संग्रहालय आहे, कोमल कोठारींच्या कल्पनेतलं. कोठारींनी १९६० मध्ये बोरुंदा गावात लेखक विजयदान देथांबरोबर रूपायन संस्थान काढलं आणि गावोगाव फिरून या लंगा-मांगणियारांची गाणी रेकॉर्ड केली, बाहेरच्या जगाला ही मंडळी कळली त्यात त्यांचा हात मोठा. आणि तिथे बघायला काय, तर झाडू. खरंच, केरसुण्या. कुठल्या भागात कुठलं गवत उगवतं त्यावरून झाडू कसा बदलतो, हे बघता बघता अख्खं वाळवंट समजतं. आमच्यातल्या काहींनी नाक मुरडलं होतं आत शिरताना, बाहेर मात्र तेच शेवटी आले.

संध्याकाळी ओसियाँकडे निघायचं, साठ-पासष्ट किलोमीटर, वाळूचे धोरे म्हणजे टेकाडं तिथे आहेत, जुनी देवळंही. अजून एक दिवस हातात असेल तर फलोदीजवळचं खीचन, थंडीत तिथे कांड्या करकोचे हजारोंनी उतरतात. त्यांनाच तिकडे कुरजां म्हणतात, आणि परदेशी गेलेल्या नवऱ्याला निरोप पोचवायला गाण्यांमधली बाई याच पक्ष्याला साकडं घालते, तेव्हा आदल्या रात्री ते गाणं ऐकलं असेल तर सकाळी तो आवाज वेगळाच लागतो.

खाण्याची यादी करायची गरज नाही, समोर येईलच. मिर्ची वडा खाताना आपल्या वड्याशी तुलना करू नका, मिरची जाड असते, आत बटाटा, एक खाल्ला की जेवण झालं. मखनिया लस्सी घंटाघरापाशी दुपारी घ्या. रात्री गाण्याला बसायच्या आधी घेतलीत तर पहिल्या आलापातच डोळे मिटतील, आणि लोकांना वाटेल केवढे रंगलेत. पोटाची औषधं, ओआरएस आणि पाण्याची स्वतःची बाटली ठेवा.

रविवारी परतताना मावा कचोरी घरी न्यायची असेल तर कोरडी घ्या आणि पाक वेगळा बांधून मागा, आणि विमानाने येणार असाल तर तो पाक हँडबॅगेत ठेवू नका, सिक्युरिटीवाले काढून घेतात. चेक-इनच्या बॅगेत, दोन पिशव्यांत घट्ट बांधून, आणि ज्या स्वेटरला आधीच भुरट चिकटलंय त्यात गुंडाळून टाका, ते नाहीतरी धुवायलाच जाणारे.