एकाच डब्यात चार कामं: कस्टम्सचा कोड लावताना या चुका टाळा

मे महिना लागला की न्हावा शेवा बंदरातल्या आमच्या, आयात माल कस्टम्समधून सोडवणाऱ्या ऑफिसात रत्नागिरीहून फोन यायला लागतात. मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. नौका किनाऱ्याला ओढलेल्या असतात तेवढ्यातच तांडेलाला नवं मशीन बसवून हवं असतं. मशीन म्हणजे स्क्रीनवाला डबा: त्यात जीपीएस, नकाशा, आणि नौकेच्या तळाला लावलेल्या ट्रान्सड्यूसरवरून पाण्याची खोली आणि खालची मासळी दाखवणारा फिशफाइंडर, म्हणजे सोनार.

एका वर्षी असे चाळीस डबे एलसीएलमध्ये, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये आले. आधीच्या सीझनला याच व्यापाऱ्याने नुसते जीपीएस आणले होते, कस्टम्सचा कोड ८५२६ (मालाला ड्युटी किती ते या कोडवरून ठरतं). या वेळी इनव्हॉइसवर पुन्हा ‘जीपीएस नेव्हिगेटर’ एवढंच लिहिलेलं. मी जुनी बिल ऑफ एंट्री (कस्टम्सकडे भरायचं आयातीचं विवरण) उघडली, कोड उचलला, चेकलिस्ट म्हणजे कच्चा मसुदा पाठवला, त्यावर ओकेही आलं. मग कस्टम्सची क्वेरी पडली: कॅटलॉगच्या पहिल्याच पानावर सोनार लिहिलंय, तुमच्या वर्णनात ते कुठाय? पुढचे नऊ दिवस माल द्रोणागिरीच्या सीएफएसमध्ये (कंटेनरच्या गोदामात) पडून, आणि ग्राउंड रेंट, म्हणजे जागेचं भाडं, चालू. व्यापारी फोनवर म्हणाला, “ओ भाऊ, डबा एक, वायर एक, मग नंबरावरून भांडण कसलं?”

भांडण खरंच नंबराचं होतं. उपग्रहाचे रेडिओ सिग्नल पकडून जागा सांगणारं उपकरण ८५२६ मध्ये बसतं. आवाजाच्या लहरींनी खोली मोजणारं ९०१४ मध्ये. पहिले दोन आकडे म्हणजे टॅरिफमधलं प्रकरण: एक ८५, दुसरं ९०. डब्यात मात्र दोन्ही.

पहिली चूक: मागच्या वेळचा किंवा शिपरचा कोड उचलणं

माझी चूक ती हीच. त्याहून जास्त दिसणारी म्हणजे चीनमधल्या शिपरने, म्हणजे माल पाठवणाऱ्याने, इनव्हॉइसवर छापलेला कोड तसाच भरणं. एचएस या आंतरराष्ट्रीय माल-वर्गीकरणाचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे आकडे ज्या त्या देशाचे. आपल्याकडे १९७५ च्या कस्टम्स टॅरिफ अ‍ॅक्टच्या पहिल्या परिशिष्टात आठ आकडे आहेत, आणि शिपरला ते माहीत असण्याचं कारण नाही. ते सहा आकडेही जुन्या आवृत्तीचे असू शकतात. २०२२ च्या बदलात स्मार्टफोनला ८५१७ १३ हे स्वतंत्र उपशीर्षक मिळालं, ड्रोनला ८८०६ हे नवं हेडिंग (चार आकड्यांचं शीर्षक) मिळालं. ड्रोन तेव्हापर्यंत कधी विमानात, कधी कॅमेऱ्यात ढकलले जायचे.

‘गेल्या वर्षी सुटलं होतं’ हे कारण चालत नाही. प्रत्येक बिल ऑफ एंट्री स्वतंत्र. शिवाय २०११ पासून सेल्फ असेसमेंट आहे, म्हणजे कोडची जबाबदारी आयातदाराची. कमी भरलेल्या ड्युटीची नोटीस साधारणपणे दोन वर्षांपर्यंत येते. माहिती जाणूनबुजून दडवली असं ठरलं तर पाच वर्षांपर्यंत, आणि दंड वेगळा.

दुसरी चूक: नियम तीनवर उडी मारणं

यूट्यूब बघून आलेला प्रत्येक जण ‘इसेन्शियल कॅरेक्टर’ म्हणतो. म्हणजे वस्तूला तिचं खरं रूप देणारा भाग बघायचा. कोड ठरवण्याच्या सर्वसाधारण नियमांतला तो नियम ३(बी). त्याच्या आधी नियम १ आहे: हेडिंगचे शब्द आणि विभाग-प्रकरणांच्या टिपा. बहुउद्देशी मशीनसाठी उत्तर बहुतेक वेळा टिपेतच असतं. सोळाव्या विभागाची (प्रकरण ८४ आणि ८५) टीप ३ सांगते की दोन किंवा जास्त कामं करणारं मशीन त्याच्या मुख्य कामाप्रमाणे धरायचं. प्रकरण ९० ची टीप ३ तीच गोष्ट त्या प्रकरणालाही लावते. मुख्य काम ठरतच नसेल तर शेवटी ३(सी): तितक्याच दावेदार हेडिंगांपैकी नंबराने जे शेवटचं ते.

आमच्या चाळीस डब्यांचं उत्तर इथे मिळालं. खोक्यात ट्रान्सड्यूसर होता, मॅन्युअलची निम्म्याहून जास्त पानं सोनारच्या सेटिंगवर होती, विक्री फिशफाइंडर म्हणूनच होती. म्हणून मुख्य काम ९०१४ कडे गेलं. हे पटलं नसतं तरी ३(सी) आम्हाला ९०१४ वरच आणून सोडत होता, कारण ८५२६ नंतर ९०१४ येतो. पण तोच डबा ट्रान्सड्यूसरशिवाय, नकाशा दाखवणारा प्लॉटर म्हणून आला असता तर मी ८५२६ मांडला असता. माल बंदरावर जसा येतो तसा बघायचा. नंतर कोण त्याला काय जोडणार, हे नाही.

स्क्रीन आहे, प्रोसेसर आहे, म्हणजे कॉम्प्युटर?

नाही. प्रकरण ८४ च्या टिपेत (२०२२ पासून टीप ६, आधी ५) साफ लिहिलंय की डेटा प्रोसेसिंगपेक्षा वेगळं ठरावीक काम करणारं मशीन, आत कॉम्प्युटर असला तरी, त्या कामाच्या हेडिंगमध्ये जातं. कॉम्प्युटरचं हेडिंग ८४७१ ही धर्मशाळा नव्हे.

८४७१ च्या आतही वाद होतात, आणि त्यातला गाजलेला आमच्याच बंदरातला. ऑल-इन-वन डेस्कटॉप कंपनीने ८४७१ ५० मध्ये दाखवले. न्हावा शेवा कस्टम्सने दहा किलोच्या आत वजन म्हणून ते ‘पोर्टेबल’ ठरवून ८४७१ ३० मध्ये नेले. हेवलेट पॅकार्डचं हे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि जानेवारी २०२३ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. वजन कमी असलं म्हणून वस्तू पोर्टेबल होत नाही, ती रोज बरोबर नेता-वापरता यायला हवी, असा त्याचा रोख. कोड बदलायचा असेल तर सिद्ध करण्याचा भार कस्टम्स खात्यावर, हेही त्यात आहे. विकिपीडियासारख्या स्रोतांवर विसंबताना जपून राहा, हा कोर्टाचा इशारा मी आमच्या नव्या पोरांना आवर्जून वाचायला लावतो. क्वेरीच्या उत्तराला विकिपीडियाचं पान जोडणारे अजून आहेत.

प्रिंटर-कॉपियर-स्कॅनरच्या बाबतीत झेरॉक्स इंडियाचा २०१० चा निकाल बघा. खात्याने मशीन ८४७९ मध्ये, म्हणजे ‘इतर’मध्ये नेली होती. सुप्रीम कोर्टाने छपाई हे मुख्य काम धरून ती कॉम्प्युटरच्या प्रिंटरबरोबर बसवली. आज नवी मशीन आणणाऱ्याला इतकं भांडावं लागत नाही, ८४४३ ३१ त्यांच्यासाठीच आहे. वापरलेली मशीन आणणार असाल तर कोडआधी डीजीएफटीची (विदेश व्यापार महासंचालनालयाची) परवानगी बघा.

वर्णन लपवणं

गणपतीआधी येणारे ट्रॉली स्पीकर घ्या. ब्लूटूथ, पेनड्राइव्ह, माइक, एफएम, वर लुकलुकणारे दिवे. इनव्हॉइसवर ‘स्पीकर’. आता नुसता स्पीकर ८५१८, पेनड्राइव्हवरून वाजवणारा ८५१९ चा दावेदार, रेडिओ असला की ८५२७. यातल्या कशाला मुख्य म्हणायचं यावर वाद झालेत, पुढेही होतील. वाद हरणं परवडतं, पण एफएम लिहिलंच नाही हे परवडत नाही. तिथे मतभेदाचं रूपांतर लपवाछपवीत होतं.

असेसमेंट, म्हणजे ड्युटीची तपासणी, आता फेसलेस आहे. अधिकारी दुसऱ्या शहरात, माल उरणला. त्याला कागद सोडून काही दिसत नाही. म्हणून सगळी कामं वर्णनातच लिहा, मॉडेल नंबरासकट. ब्लूटूथ-वायफाय असेल तर डब्ल्यूपीसीचा (दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेचा) ईटीए, म्हणजे उपकरणाची मंजुरी, लागतो. तो नसेल तर अचूक कोड असूनही माल अडकतो.

किती फरक पडतो?

समजा असेसेबल व्हॅल्यू, म्हणजे ज्यावर ड्युटी लागते ती किंमत, १ लाख. बेसिक ड्युटी १० टक्के असेल तर १०,०००, त्यावर सोशल वेल्फेअर सरचार्ज १०००, आणि १,११,००० वर १८ टक्के आयजीएसटी १९,९८०. एकूण ३०,९८०. बेसिक २० टक्क्यांच्या कोडला हेच ४३,९६० होतात. जीएसटीचं क्रेडिट मिळतं, त्यामुळे खिशातून खरे जातात ते ११,००० जास्त. दर बजेटमध्ये बदलतात, त्यामुळे त्या दिवशीचा दर आणि नोटिफिकेशन बघितल्याशिवाय व्यापाऱ्याला आकडा सांगू नका.

क्वेरी आलीच तर

भांडू नका आणि ‘कृपया माल सोडावा’ एवढंही लिहू नका. कॅटलॉग, मॅन्युअल, खोक्यातल्या वस्तूंचा फोटो, आणि कोणतं काम कशाने होतं याचा छोटा तक्ता जोडा. मग टीप आणि नियमाचा नंबर. खात्याने तरी कोड बदलला आणि तुम्हाला मान्य नसेल तर तसं लेखी कळवा, म्हणजे १५ दिवसांत कारणांसह आदेश द्यावा लागतो. अपील त्यावरच होतं. घाई असेल तर कस्टम्स कायद्याच्या कलम १८ खाली बाँड देऊन प्रोव्हिजनल (तात्पुरतं) असेसमेंट मागता येतं.

दर सीझनला तेच मॉडेल आणणार असाल तर मुंबईतल्या अ‍ॅडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडे (माल येण्याआधीच कोड ठरवून देतं ते) आधीच अर्ज करा. फी १०,००० रुपये, निर्णय तीन महिन्यांत, आणि कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली नाही तर तो काही वर्षं चालतो. ऑगस्टला नौका सुटायच्या असतील तर हा अर्ज शिमग्याआधीच जायला हवा. आमच्या त्या व्यापाऱ्याने पुढच्या वर्षी फेब्रुवारीतच मला खोक्याचा फोटो पाठवला, ट्रान्सड्यूसर बाहेर काढून शेजारी ठेवलेला.