मर्केल पेशींच्या कर्करोगाचा बायोप्सी अहवाल कसा वाचावा

त्वचेवर काही आठवड्यांत भराभर वाढलेली, लालसर किंवा जांभळट, टणक आणि मुळीच न दुखणारी गाठ काढून तपासणीला पाठवली जाते, आणि हाती आलेल्या अहवालात ‘मर्केल सेल कार्सिनोमा’ असे निदान लिहिलेले असते. हे नाव बहुतेकांनी आधी कधी ऐकलेले नसते. हा कर्करोग मेलानोमा या त्वचेच्या दुसऱ्या कर्करोगापेक्षा कितीतरी कमी आढळतो, मात्र ज्याला तो होतो त्याच्यासाठी तो मेलानोमाहून अधिक घातक ठरतो. त्यामुळे अहवाल समजून घेण्यात आठवडे घालवण्याची सवड नसते. अहवालातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीमागे जीवशास्त्रातला एखादा प्रश्न असतो. ही पेशी कोणत्या जातीची, ती कशामुळे बिघडली आणि शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने तिला ओळखले की नाही, हे विचारत अहवाल वाचला तर डॉक्टरांशी होणारे बोलणे नेमके होते. उपचारांचा निर्णय अर्थातच तज्ज्ञांनी घ्यायचा आहे. हे विवेचन त्या चर्चेच्या तयारीसाठी आहे.

सुरुवात सूक्ष्मदर्शकाखालच्या वर्णनापासून करावी. तेथे लहान, गोल, निळसर पेशी, अत्यल्प पेशीद्रव्य आणि विभाजनाच्या अवस्थेतली पुष्कळ केंद्रके असा मजकूर असतो. गाठ बहुधा त्वचेच्या आतल्या थरात वाढते आणि वरचा थर पुष्कळदा शाबूत राहतो. म्हणूनच ती बाहेरून निरुपद्रवी पुटकुळीसारखी दिसते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या १९५ रुग्णांच्या अभ्यासात निम्म्याहून अधिक गाठी तपासणाऱ्या डॉक्टरांना प्रथमदर्शनी साध्या वाटल्या होत्या. निदानाला उशीर झाला म्हणून स्वतःला किंवा घरच्यांना दोष देणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात घ्यावी.

मात्र लहान, गोल, निळ्या पेशी इतर अनेक कर्करोगांतही दिसतात, त्यामुळे केवळ या वर्णनावर निदान पक्के होत नाही. त्यासाठी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे विशिष्ट प्रथिनांना चिकटणारी प्रतिपिंडे वापरून केलेली रंगतपासणी, हा भाग काळजीपूर्वक पाहावा. सायटोकेराटिन २० हे प्रथिन केंद्रकाशेजारी ठिपक्यासारखे एकवटलेले दिसणे ही मर्केल पेशींच्या कर्करोगाची ठळक खूण आहे. सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन ही प्रथिने पेशीचे मज्जा-अंतःस्रावी (न्यूरोएंडोक्राइन) स्वरूप, म्हणजे मज्जापेशी आणि संप्रेरके स्रवणाऱ्या पेशी या दोन्हींसारखे गुण, दाखवतात. टीटीएफ-१ हे प्रथिन बहुधा आढळत नाही, आणि ही नकारात्मक नोंद फार महत्त्वाची असते, कारण फुप्फुसाच्या लहान पेशींच्या कर्करोगात नेमके उलटे चित्र असते: टीटीएफ-१ सापडते आणि सायटोकेराटिन २० सहसा सापडत नाही. त्वचेवरची गाठ ही फुप्फुसातून आलेली शाखा तर नाही ना, या शंकेचे उत्तर याच दोन ओळींत मिळते. सायटोकेराटिन २० न आढळणाऱ्या काही गाठीही असतात. तशा वेळी न्यूरोफिलामेंटसारख्या अन्य खुणांचा आधार घेतला आहे का, हे विचारावे.

नावाचा इतिहास थोडा दिशाभूल करणारा आहे. फ्रीड्रिख मर्केल यांनी १८७५ साली त्वचेतल्या स्पर्शाशी संबंधित पेशींचे वर्णन केले. पुढे १९७२ साली सिरिल टोकर यांनी पाच रुग्णांमधल्या एका वेगळ्या कर्करोगाची नोंद केली, आणि त्याच्या पेशींत मर्केल पेशींसारखे सूक्ष्म कण दिसल्यानंतर हे नाव रूढ झाले. हा कर्करोग खरोखर त्याच स्पर्शपेशींतून उगम पावतो का, यावर संशोधकांत आजही मतभेद आहेत.

यानंतर विषाणूविषयीची नोंद शोधावी, आणि ती नसेल तर मागावी. २००८ साली पिट्सबर्ग विद्यापीठात युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांच्या गटाने तपासलेल्या १० गाठींपैकी ८ गाठींत तोवर अज्ञात असलेला एक पॉलिओमाविषाणू सापडला. बऱ्याच देशांत या कर्करोगाच्या बहुसंख्य गाठी विषाणूजन्य असतात. ऑस्ट्रेलियासारख्या प्रखर उन्हाच्या प्रदेशात मात्र विषाणू नसलेल्या गाठींचे प्रमाण बरेच जास्त आहे. ‘विषाणू’ हा शब्द वाचताच घरात संसर्गाची भीती शिरते, म्हणून येथे थोडे थांबून स्पष्ट सांगायला हवे. हा विषाणू बहुतेक प्रौढांना बालपणीच भेटून गेलेला असतो आणि निरोगी त्वचेवर तो काही त्रास न देता राहतो. रुग्णाजवळ बसल्याने, त्याचे कपडे वापरल्याने किंवा त्याची शुश्रूषा केल्याने हा कर्करोग कोणाला होत नाही.

कर्करोग होण्यासाठी विषाणूच्या बाबतीत दोन दुर्मिळ अपघात घडावे लागतात. पहिल्यात विषाणूचा वर्तुळाकार डीएनए तुटून माणसाच्या पेशीच्या डीएनएत कायमचा जोडला जातो. दुसऱ्यात त्याच्या ‘लार्ज टी’ नावाच्या प्रथिनाच्या जनुकात असे उत्परिवर्तन होते की प्रथिनाचा शेवटचा भाग तयारच होत नाही. या छाटलेल्या प्रथिनाला विषाणूच्या नव्या प्रती काढता येत नाहीत; मात्र पेशीविभाजनाला लगाम घालणाऱ्या आरबी या प्रथिनाला अडकवून ठेवण्याची क्षमता त्यात शिल्लक राहते. लगाम निसटतो आणि पेशी विभागत सुटते. ‘स्मॉल टी’ हे विषाणूचे दुसरे प्रथिन पेशीची जनुकयंत्रणा वाढीकडे वळवून त्यात भर घालते. विषाणूविरहित गाठींत हेच काम उन्हातली अतिनील किरणे करतात: वर्षानुवर्षांच्या माऱ्याने डीएनएत असंख्य उत्परिवर्तने साठतात आणि त्यांत आरबी व पी५३ या दोन्ही रक्षक प्रथिनांची जनुके बहुधा निकामी होतात. म्हणजे आरबीचा लगाम सुटण्यापाशी दोन्ही वाटा एकत्र येतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या जवळजवळ सारख्याच दिसतात.

माझ्या दृष्टीने या रोगातली सर्वांत आशादायक गोष्ट याच फरकात दडलेली आहे. विषाणूजन्य गाठीत उत्परिवर्तने फार कमी असतात, परंतु तिच्या प्रत्येक पेशीत शरीराला सर्वस्वी परके असलेले विषाणू-प्रथिन असते, आणि वाढ त्याच प्रथिनावर अवलंबून असल्यामुळे ते टाकून देणे पेशीला परवडत नाही. विषाणूविरहित गाठीत परके प्रथिन नसते, पण हजारो उत्परिवर्तनांमुळे तिची स्वतःची प्रथिनेच इतकी बदललेली असतात की टी पेशींना, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या परके ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशींना, ती अनोळखी वाटतात. त्यामुळे दोन्ही प्रकारच्या गाठी प्रतिकारयंत्रणेला दिसू शकतात. गाठ आपोआप विरून गेल्याच्या, तसेच लसीका ग्रंथीत (लिम्फ नोडमध्ये) रोग सापडूनही त्वचेवर मूळ गाठ कोठेच न आढळल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांत, एचआयव्हीबाधितांत आणि दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग असणाऱ्यांत या रोगाचा धोका बराच वाढतो. तरीही बहुसंख्य रुग्णांत असे कोणतेही उघड कारण नसते.

मग प्रतिकारयंत्रणेला दिसणारी गाठ वाढते तरी कशी? ती लपण्याचे अनेक मार्ग वापरते. आतल्या प्रथिनांचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडणारे एमएचसी वर्ग १ रेणू ती कमी करते, त्यामुळे टी पेशींना ओळख पटत नाही. शिवाय गाठीतले पीडी-एल१ हे प्रथिन टी पेशीवरच्या पीडी-१ या प्रथिनाला भिडून तिला थोपवते, आणि फार काळ झुंजलेल्या टी पेशी थकून निष्क्रिय होतात. अहवालात गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइट पेशींविषयी (टी पेशी याच गटातल्या) काय लिहिले आहे ते या दृष्टीने वाचावे: सीडी८ प्रकारच्या, म्हणजे बिघडलेल्या पेशींना मारणाऱ्या, टी पेशी गाठीच्या आत खोलवर पोहोचल्या असतील तर ते चांगले लक्षण आहे, त्या कडेलाच थांबल्या असतील तर त्याचा तितका भरवसा धरता येत नाही. पीडी-एल१ ची नोंद ‘नकारात्मक’ असली तरी इम्युनोथेरपीचा, म्हणजे प्रतिकारयंत्रणेलाच रोगाविरुद्ध मोकळे करणाऱ्या उपचाराचा, मार्ग बंद झाला असे समजू नये, कारण या रोगात पीडी-एल१ नसलेल्या गाठींनी आणि विषाणूविरहित गाठींनीही त्या उपचाराला प्रतिसाद दिलेला आहे.

आकार, खोली, कडा आणि लसीकावाहिन्यांतला शिरकाव या नोंदी त्यामानाने सरळ असतात. गाठीचा व्यास २ सेंटिमीटरपर्यंत असेल आणि रोग पसरलेला नसेल तर रोगाची पहिली पायरी (स्टेज) धरली जाते, लसीका ग्रंथी बाधित असतील तर तिसरी, आणि दूरच्या अवयवांत रोग गेला असेल तर चौथी. हाताला ग्रंथी लागत नाही म्हणून निश्चिंत राहू नये. वरवर निरोगी वाटणाऱ्या सुमारे एक-तृतीयांश रुग्णांत सेंटिनेल नोड बायोप्सीत, म्हणजे गाठीकडून येणारा लसीकाद्रव ज्या ग्रंथीत सर्वप्रथम पोहोचतो तिच्या तपासणीत, रोग सापडतो. ही तपासणी मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळीच करायची असते. आजूबाजूची त्वचा काढल्यावर लसीकेचे मार्ग बदलतात आणि नेमकी ग्रंथी शोधणे अवघड होते. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वीच याविषयी विचारावे. हा कर्करोग किरणोपचाराला चांगला प्रतिसाद देतो, त्यामुळे त्याचाही विचार त्याच बैठकीत व्हावा.

पसरलेल्या रोगावर पूर्वी केमोथेरपी हाच मुख्य मार्ग होता. गाठी लवकर आक्रसत, पण बहुधा काही महिन्यांतच परत येत. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पीडी-एल१ ला अडवणाऱ्या अ‍ॅव्हेल्युमॅबला या रोगासाठी मंजुरी दिली. केमोथेरपी घेऊनही रोग वाढलेल्या ८८ रुग्णांच्या चाचणीत जवळपास एक-तृतीयांश रुग्णांना त्याचा उपयोग झाला, आणि ज्यांना झाला त्यांच्यापैकी अनेकांत तो टिकला. पुढे पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध पहिलाच उपचार म्हणून दिले असता निम्म्याहून अधिक रुग्णांनी प्रतिसाद दिला. ही औषधे टी पेशींवरचा अटकाव काढतात, त्यामुळे त्या निरोगी अवयवांवरही उलटू शकतात. स्वप्रतिकार विकार असेल किंवा अवयव प्रत्यारोपण झालेले असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगावे. प्रत्यारोपित अवयव नाकारला जाण्याचा धोका येथे खरा आहे.

एक तपासणी मात्र वेळेवर मागितली नाही तर तिचा पुरेसा उपयोग होत नाही. विषाणूच्या कर्करोगकारक प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे सुमारे निम्म्या रुग्णांच्या रक्तात निदानाच्या वेळी सापडतात; उपचार यशस्वी झाला की त्यांची पातळी उतरते आणि रोग परतू लागला की ती पुन्हा चढते, कधी कधी स्कॅनमध्ये काही दिसण्याआधीच. हा चढउतार कळण्यासाठी आरंभीची पातळी हाताशी असावी लागते, म्हणून जेथे ही सोय असेल तेथे उपचार सुरू होण्यापूर्वी किंवा त्यानंतर लवकरात लवकर, फार तर तीन महिन्यांच्या आत, रक्त द्यावे. ज्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडे आरंभीच नसतात त्यांच्यात रोग परतण्याचा धोका काहीसा अधिक आढळतो, आणि त्यांचा पाठपुरावा प्रामुख्याने स्कॅनवर व प्रत्यक्ष तपासणीवर ठेवावा लागतो. रोग परतलाच तर तो बहुधा पहिल्या तीन वर्षांत परततो. त्या काळात दर तीन ते सहा महिन्यांनी त्वचा आणि लसीका ग्रंथी तपासून घ्याव्यात, आणि मूळ अहवालाची प्रत प्रत्येक भेटीला बरोबर न्यावी.